खाटा मोजण्याआधी रुग्णाची पाठ बघा

मज्जारज्जूला इजा झालेल्यांवर उपचार करणाऱ्या केंद्राचा दर्जा सर्जन, एमआरआय आणि खाटांच्या संख्येवरून ठरवावा, हे मत मला अपुरं वाटतं. डॉक्टर लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मॅन्डेव्हिल रुग्णालयात असं केंद्र सुरू केलं, तेव्हा रुग्णाची कूस रात्रंदिवस दर दोन तासांनी बदलायचा नियम घातला. शय्याव्रण (एकाच जागी पडून राहिल्याने होणारी जखम) आणि लघवीचा संसर्ग, अशी इजा झालेली माणसं तेव्हा मुख्यतः यानेच दगावत.

माझ्या भावाचं मणक्याचं ऑपरेशन उत्तम झालं, पण वॉर्डात माकडहाडावर जखम झाली. तिथे त्याला जाणीवच नाही, आम्हाला ती वासावरून कळली. फिजिओथेरपी तीन महिने लांबली. दाखल झाल्यावर किती जणांना नवी जखम झाली आणि घरी जाताना किती जणांना स्वतः कॅथेटर (लघवी काढायची नळी) घालता येतं, हे आकडे आधी मागा.