जिवंत उंदरावर टीईडब्ल्यूएल (कातडीतून बाहेर सुटणारं बाष्प) मोजणं खरंच निव्वळ सवय आहे?

टेपपट्टी:
काल सूक्ष्मदर्शी यांनी लिहिलं, ‘डुकराच्या कानाची कातडी आणि फ्रान्झ सेल हाताशी असताना जिवंत उंदरावर टीईडब्ल्यूएल मोजणं ही निव्वळ सवय आहे.’ वाचून डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितोय. फ्रान्झ सेलमधून, म्हणजे मधे कातडीचा तुकडा बसवलेल्या दोन कप्प्यांच्या काचपात्रातून, कळतं ते पदार्थ किती आणि किती वेगाने आरपार गेला एवढंच. टेप स्ट्रिपिंगने, म्हणजे चिकटपट्टी लावून ओढत, स्ट्रॅटम कॉर्नियम (कातडीचा सर्वांत वरचा मृत थर) उचलल्यावर कातडी स्वतःला किती तासांत सावरते, हे कापून आणलेला तुकडा सांगणार नाही. ते सावरणं होतं खालच्या पेशींनी लॅमेलर बॉडीज नावाच्या आपल्या सूक्ष्म पिशव्यांमधून लिपिड (स्निग्ध पदार्थ) बाहेर टाकल्यावर, आणि त्यासाठी पेशी जिवंत लागतात. वरचा थर घट्ट ठेवणाऱ्या फिलॅग्रिन या प्रथिनाच्या दोषामुळे कातडीतून ॲलर्जी कशी शिरते, हेही फ्लेकी टेल या जन्मजात दोषाच्या जातीच्या उंदरांनीच दाखवलं.

सूक्ष्मदर्शी:
फ्लेकी टेलचा दाखला अर्धाच दिलात. त्या उंदरांत मॅटेड या दुसऱ्या जनुकाचाही दोष असतो, आणि आपोआप होणारा त्वचादाह त्या जनुकामुळे आहे हे 2013 मध्येच स्पष्ट झालं. शिवाय उंदराची कातडी माणसापेक्षा कितीतरी पातळ आणि झिरपणारी. कातडीतून होणाऱ्या शोषणासाठी ओईसीडी 428 ही आंतरराष्ट्रीय प्रमाणित चाचणी 2004 पासून आहे. तिला जिवंत प्राणी लागत नाही.

टेपपट्टी:
डुकराच्या कानांचं मला सांगू नका! आमच्याकडे आलेल्या खेपेत एकाही तुकड्याचे आकडे जुळेनात. खोदून विचारल्यावर कळलं, केस काढायला डुकरं आधीच गरम पाण्यात बुडवलेली. भिंत तिथेच पडली होती. खाटीकखान्यात पहाटे स्वतः उभं राहून, पाण्यात घालण्याआधी कान घेणारे किती जण आहेत?

सूक्ष्मदर्शी:
मग पुरवठादार बदला. प्रत्येक तुकड्याचा विद्युतरोध आधी तपासला असता (भिंत पडली की तो घटतो) तर तो प्रयोगापूर्वीच बाद झाला असता.

घाटकोपरकर:
दोघेही मूळ दुखणं सोडून भांडताय. टीईडब्ल्यूएल मोजायचं 20 ते 22 अंशांना, 40 ते 60 टक्के आर्द्रतेत. जुलैत मुंबईत हे कुठे मिळतं? आमच्याकडे डीह्युमिडिफायरची मागणी प्रत्येक अंदाजपत्रकातून कापली जायची. ओपन चेंबर प्रोबला (कातडीवर टेकवायची, वरून उघडी मोजनळी) खोलीचं दार उघडलं तरी कळतं. भोवतीची हवाच ओली असली की कातडीतून बाष्प कमी सुटतं, आकडा खाली येतो, कमी आकडा म्हणजे कातडी धड असं धरतात, आणि मग पावसाळ्यात प्रत्येक मलम गुणकारी ठरतं. पेपरात खोलीची आर्द्रता न लिहिणाऱ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही.

पशुवैद्य_मी:
आर्द्रता राहू द्या, केसांचं काय? वस्तऱ्याने काढले तर वरचा थर खरवडला जातो. केस काढायच्या क्रीममधलं थायोग्लायकोलेट हे रसायन केराटिनच, म्हणजे केस आणि वरचा थर ज्याचे बनतात ते प्रथिनच, तोडतं. क्लिपर (केस कापायचं यंत्र) लावून 24 तास थांबायला हवं. तेवढा धीर कोणाला? माझ्या कुत्र्यांवर तर काखेत एक आकडा, पाठीवर दुसरा. तरी ॲटोपिक (ॲलर्जीने त्वचादाह होणाऱ्या) कुत्र्याला कातडीचा तुकडा मागता येत नाही, मोजायचं त्याच्याच अंगावर.

घाटकोपरकर:
म्हणूनच म्हणतो, आधी क्लोज्ड चेंबर, म्हणजे वरून बंद मोजयंत्र, घ्या. वाऱ्याचा त्रास तरी नाही.

टेपपट्टी:
पण बऱ्याच क्लोज्ड चेंबरांनी सलग मोजता येत नाही, त्याचं काय? आणि हा धागा यंत्रखरेदीचा नाही!

सूक्ष्मदर्शी:
बरं, त्वचा सावरण्याच्या अभ्यासापुरता जिवंत प्राणी लागतो हे मान्य. पण मलम किती आत शिरतं एवढंच बघायला उंदरांचा प्रस्ताव आला, तर नीतिसमितीत मी विरोधच करणार.

टेपपट्टी:
तिथे मीही विरोधच करेन. ‘निव्वळ सवय’ हे शब्द मात्र मागे घ्या.