शिक्षा वाढवून झाली, पुढे काय?

'कायदा आणखी कडक केल्याशिवाय मुलं सुरक्षित होणार नाहीत' हे मत मला पटत नाही. बारा वर्षांपर्यंतच्या मुलींवरच्या बलात्काराला फाशीपर्यंत शिक्षा देणारं विधेयक देशात सर्वांत आधी आमच्या मध्य प्रदेश विधानसभेनेच मंजूर केलं, डिसेंबर २०१७ मध्ये. २०१९ मध्ये पॉक्सोतही, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या केंद्रीय कायद्यातही, फाशी आली. याहून कडक काय करणार?

इथे इंदूरमध्ये ओळखीच्या एका कुटुंबाबरोबर मी ठाण्यात आणि कोर्टात गेले आहे. अशाच एका प्रकरणात. त्यांची मुलगी नुकतीच विदर्भातून आलेली, हिंदी जेमतेम समजणारी. तिचा जबाब घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, गणवेशात नसलेल्या आणि शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, लागल्यास दुभाषी द्यायचा, हे सगळं पॉक्सोच्या २०१२ च्या मूळ कायद्यातच आहे. तिला ठाण्यातच बसवलं, समोर वर्दी, प्रश्न हिंदीत. ती आईचा पदर सोडेना. याच कायद्याच्या २०२० च्या नियमांप्रमाणे बालकल्याण समिती तपासापासून खटल्यापर्यंत सोबतीला एक सहायक व्यक्ती देऊ शकते, हेही त्या घराला कुणी सांगितलं नव्हतं. कोर्टाने दखल घेतल्यापासून मुलाची साक्ष तीस दिवसांत आणि खटला शक्यतो वर्षभरात, असंही कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात, आणि मूल विसरायला लागलेलं पुन्हा आठवत बसतं.

म्हणून सुधारणा मागायचीच तर प्रशिक्षित सहायक, दुभाषी आणि फक्त याच खटल्यांसाठी न्यायाधीश, यांसाठी पैसा मागा. आमदारांना निवेदन देणार असाल तर त्याच्या मसुद्यात हे मुद्दे आधी घ्या, शिक्षेचा नंतर.