वाय-फाय कार्ड बदललं, आता लॅपटॉप सुरूच होत नाही – मदत हवी आहे (नागपूर)

मानेवाडा_मास्तर
काल संध्याकाळी लॅपटॉपचं वाय-फाय कार्ड बदललं. तेव्हापासून विंडोज येतच नाही. काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी येतात, की लावलेलं नेटवर्क कार्ड अधिकृत नाही, मशीन बंद करून ते काढा. कार्ड चांगलं आहे, मित्राच्या लॅपटॉपमध्ये चाललं. उद्या सकाळी सातला दहावीच्या पोरांचा ऑनलाइन वर्ग आहे. बर्डीवरचा दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला. खरं आहे का? लवकर सांगा.

वैदर्भी
मॉडेल कोणतं, किती साली घेतलेला? कोणतं कार्ड काढलं, कोणतं लावलं? जुनं परत लावून पाहिलं का? मदरबोर्ड गेला असता तर हा संदेशही दिसला नसता, त्यामुळे आधी घाबरू नका.

लिनक्सप्रेमी
सर, विंडोज काढून टाका. जुन्या मशीनवर लिनक्स मिंट फार छान चालतं, मी चार वर्षं तेच वापरतोय.

वैदर्भी
अहो, मशीन विंडोजपर्यंत पोचतच नाही आहे. लिनक्स टाकलं तरी तिथंच अडकेल.

मानेवाडा_मास्तर
2012 चा आहे, तिसऱ्या पिढीचा आय-5, सेकंडहँड घेतलेला. मॉडेल वैदर्भी यांना व्यनि (खाजगी निरोप) केलं आहे, कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. जुनं कार्ड फक्त 2.4 गिगाहर्ट्झचं होतं, म्हणून इंटेल 7260 हाफ मिनी घेतलं. जुनं अजून लावून पाहिलेलं नाही.

खटपट्या
सोप्पं आहे भाऊ. कार्डाच्या 20 नंबरच्या पिनवर कॅप्टॉन टेपची (वीज न वाहू देणारी टेप) बारीक पट्टी लावा. माझ्या लॅपटॉपात असंच जमलं होतं.

वैदर्भी
तुमचा त्रास वेगळा असणार. 20 नंबरची पिन रेडिओ बंद-चालू करायची. कार्ड ओळखलं जातं पण वाय-फाय 'बंद' दाखवतं, तेव्हा टेप कामी येते. इथे बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम, अडवून राहिला आहे. त्यात मान्य कार्डांची यादी असते. सुरू होताना तो कार्डाचा व्हेंडर, डिव्हाइस आणि सबसिस्टम आयडी (कार्डाची ओळख सांगणारे नंबर) वाचतो, यादीत नसलं तर पुढे जात नाही. म्हणून इंटेलचं तेच 7260 बाजारातून घेतलं तर चालत नाही, आणि लॅपटॉप कंपनीच्या पार्ट नंबरचं, त्या मॉडेलच्या यादीतलं असलं तर चालतं.

मानेवाडा_मास्तर
म्हणजे पैसे मी मोजले, मशीन माझं, आणि आत काय लावायचं ते कंपनी ठरवणार? सेटिंगमध्ये कुठेच लिहिलेलं नाही हो.

जुनाबाजार
बायोस बदला. यादी काढून टाकलेला बायोस मिळते, सीएच 341 ए प्रोग्रामर (चिपवर लिहायचं छोटं यंत्र) आणि चिमटा घ्यायचा, चिप बोर्डावरूनच लिहायची. मी तीन मशीन केले आहेत.

वैदर्भी
रात्री वर्गाच्या तोंडावर हे करू नका! त्या स्वस्त प्रोग्रामरचे काही बोर्ड डेटा लाइनवर 5 व्होल्ट देतात आणि चिप 3.3 व्होल्टची असते. मूळ बायोसची प्रत काढल्याशिवाय तर हातच लावू नये.

जुनाबाजार
मल्टिमीटरने व्होल्टेज मोजूनच लावायचं ना. शिकल्याशिवाय कसं जमणार माणसाला?

सदरवाले_काका
तक्रार करा. राइट टू रिपेअरचं (दुरुस्तीच्या हक्काचं) सरकारी पोर्टल 24 डिसेंबर 2022 पासून आहे, ग्राहक हेल्पलाइन 1915. सगळे गप्प बसतात म्हणून कंपन्यांचं फावतं.

वैदर्भी
तक्रार जरूर करावी काका, पण उद्या सातपर्यंत ती सुटणार नाही. कंपन्या कारण देतात की अमेरिकेच्या एफसीसीकडे (रेडिओ उपकरणांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) कार्ड आणि अँटेना जोडीनेच मंजूर होतात. ते एका बाजूने खरंही आहे. पण कार्ड यादीत नाही म्हणून अख्खं मशीनच सुरू होऊ न देणं मला पटत नाही. मास्तर, जुनं कार्ड लावलं का?

मानेवाडा_मास्तर
लावलं, सुरू झाला! पण कार्डाला लागणाऱ्या काळ्या अँटेना वायरच्या टोकाची सोनेरी टोपी वाकली आहे, नखाने ओढली होती मी. वाय-फायची एकच कांडी येते. राउटर खालच्या मजल्यावर आहे.

वैदर्भी
हे आधी सांगायचं ना सर! मधे स्लॅब असेल तर 5 गिगाहर्ट्झ आणखीच कमी पोचतं, नव्या कार्डानेही फारसं भलं झालं नसतं. लॅन पोर्ट आहे का?

मानेवाडा_मास्तर
आहे. कधी वापरलाच नाही.

खटपट्या
मग जिन्यावरून केबल घ्या वर. नाहीतर फोन राउटरच्या वाय-फायला जोडा आणि यूएसबी टेदरिंग करा, म्हणजे फोनचं इंटरनेट वायरने लॅपटॉपला द्या. पुढे यूएसबी डोंगल घेतला तरी बायोस त्याला विचारत नाही.

मानेवाडा_मास्तर
शेजारच्या पोराकडून 15 मीटर केबल आणली, खिडकीतून वर ओढली. 84 एमबीपीएस येतंय. सातचा वर्ग होतो आता. वैदर्भी, कंपनीचं पार्ट नंबरवालं कार्ड शोधायला लेबलवर काय पाहायचं?

वैदर्भी
एफआरयू नंबर, म्हणजे कंपनीचा सुट्या भागाचा नंबर. तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधे चालणाऱ्यांची यादी आहे, व्यनि करते. टोपी वाकलेली वायर आधी बदलून घ्या.

प्रतापनगर_रहिवासी
माझ्या नव्या लॅपटॉपची 8 जीबी रॅम बोर्डालाच सोल्डर आहे. ती वाढवता येईल का कोणाकडून?

जुनाबाजार
मॉडेल सांगा ना भाऊ.