पहिल्या मीटिंगला सोबत जा
ताई, भाऊ दारू सोडायला तयार झालाय पण अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या गटाची, मीटिंग कुठे भरते ते कळत नाही, असं लिहिलंयत. पुण्यात आहात तर येरवड्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात विचारा, १९८६ पासून ते हेच काम करताहेत. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगा बऱ्याचदा संध्याकाळी, शाळेच्या वर्गात नाहीतर चर्चच्या खोलीत असतात. फी नाही, आडनाव सांगावं लागत नाही. 'ओपन' मीटिंगला तुम्हालाही बसता येतं.

माझे वडील पहिल्या दिवशी जिन्यातूनच परत फिरले होते. वरून एक काका उतरले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चहा झालाय, या." तेवढ्यावर वर गेले.

रोज पीत असेल तर एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांना मात्र दाखवाच. आणि तुमच्यासाठी अल-ॲनॉनचा गट बघा, तो पिणाऱ्याच्या घरच्यांसाठीच आहे.