सेकंडरी कॉइल : दुय्यम, द्वितीयक की नुसती गुंडाळी?

तारकरी : विज्ञान प्रदर्शनासाठी टेस्ला कॉइलचा, म्हणजे उच्च व्होल्टेजच्या ठिणग्या उडवणाऱ्या उपकरणाचा, माहितीफलक मराठीत करतोय. त्यात तारेच्या दोन कॉइल असतात : वीज आधी जिच्यात जाते ती प्रायमरी, दुसरी सेकंडरी. सध्या घरी सेकंडरीचे वेगवेगळे आकार करून बघतोय : सरळ नळीवर, शंकूवर आणि सपाट. फलकावर ‘दुय्यम कुंतल’ (कुंतल म्हणजे कॉइल) लिहिलं, तर भाची म्हणते, “मामा, ठिणग्या हिच्यातूनच निघतात ना? मग ही दुय्यम कशी?” काय लिहू?

शुद्धमती : ‘द्वितीयक’. दुय्यम मुळात फारसी, आणि त्याला कमीपणाचा वासही आहे.

निवृत्त मास्तर : फारसी चालत नसेल तर ‘जमीन’ आणि ‘शाई’ही परत करा. दुय्यम म्हणजे दुसरा, बस्स. घराची नोंदणी दुय्यम निबंधकच करतो, तिथे कुणाला कमीपणा वाटत नाही. आणि शाळेच्या बाबतीत हीच सेकंडरी ‘माध्यमिक’ होते, ते कसं चालतं?

सांगलीकर वाइंडर : आमच्या दुकानात यातलं काहीच कुणी बोलत नाही. शेतकरी येतो, “मोटर जळाली, भरून द्या” म्हणतो. स्टेटरच्या, म्हणजे मोटरच्या न फिरणाऱ्या भागाच्या, खाचांत तार भरतात म्हणून भरणं. पण टेस्लाची सेकंडरी ‘भरत’ नाहीत. ११० मिमीचा पीव्हीसी पाइप, २८ गेजची इनॅमल तार, एकच थर, वेढ्याला वेढा चिकटून. पाइपावर ५५ सेंमी उंच गेलात तर तेराशेच्या आसपास वेढे बसतात, तार साडेचारशे मीटर लागते. गुंडाळतात ती गुंडाळी. वेढा वेढ्यावर चढला की उलगडून पुन्हा सुरू करा, आणि शेवटी वार्निश मारायला विसरू नका.

चुंबक : कुंतल छान आहे की! कानातल्या कुंडलावरून आलाय.

शुद्धमती : अहो, नाही. कुंतल म्हणजे केस. कुरळी बट डोळ्यांपुढे आणा. दहावीच्या पुस्तकातला ‘नालकुंतल’ (सोलेनॉइड) त्यातलाच.

चुंबक : बट काय, कुंडल काय, दोन्ही गोलच. मला माझी व्युत्पत्ती आवडते.

तारकरी : माझी अडचण वाढली. सपाट सेकंडरी चकलीसारखी असते, तिला ‘वेटोळं’ शोभतं. नळीवरची मात्र वेटोळं वाटत नाही.

निवृत्त मास्तर : तिला ‘मळसूत्री गुंडाळी’ म्हणा. मळसूत्री जिना सगळ्यांना कळतो.

सांगलीकर वाइंडर : नावं ठेवा हवी ती, पण सपाटपेक्षा नळीवरचीच बरी. वरचं टोक प्रायमरीपासून उंचावर राहतं, ठिणगी खाली उडी मारत नाही. उंची व्यासाच्या चार-पाच पट ठेवा. तारेचं टोक पाइपाला भोक पाडून आतून खाली आणू नका, पाइपाच्या आतच ठिणगी पडते. खालच्या टोकाला स्वतंत्र अर्थिंग द्या, घरातल्या वायरिंगचं नको. आणि प्रायमरीच्या कपॅसिटरपासून भाचीला लांब ठेवा, तो जीव घेतो.

निवृत्त मास्तर : भाचीचा प्रश्न राहिला की. तिचं बरोबर आहे. गावच्या रोहित्रात (ट्रान्सफॉर्मरमध्ये) व्होल्टेज वेढ्यांच्या प्रमाणात बदलतं. इथे लोखंडी गाभा नाही, प्रायमरी आणि सेकंडरी ही दोन्ही मंडलं (सर्किट) एकाच वारंवारतेला जुळवलेली असतात. वरच्या आकड्यांच्या गुंडाळीवर बेताचा टोरॉइड (मेदूवड्याच्या आकाराचं धातूचं कडं) ठेवला तर ती वारंवारता दोनशे किलोहर्ट्झच्या आसपास येते. खेळ अनुस्पंदनाचा (रेझोनन्सचा) आहे, नुसते वेढे वाढवून ठिणगी लांबत नाही. जोडीतल्या कुणालाच दुय्यम म्हणणं शास्त्राला धरून नाही.

शुद्धमती : म्हणजे द्वितीयक. मी पहिल्यांदाच सांगितलं होतं.

निवृत्त मास्तर : द्वितीयक म्हणजेही दुसरीच ना! संस्कृतात म्हटलं की मान वाढतो का?

चुंबक : मग टेस्लाने १८९९मध्ये कोलोराडो स्प्रिंग्जला सेकंडरीच्या पुढे आणखी एक कॉइल जोडली होती, तिला तृतीयक म्हणणार?

शुद्धमती : तो तिला ‘एक्स्ट्रा कॉइल’ म्हणायचा. ‘अतिरिक्त गुंडाळी’.

निवृत्त मास्तर : अतिरिक्त नको हो. जिल्हा परिषदेत अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकाचं काय होतं ते मी पाहिलंय.

सांगलीकर वाइंडर : तारकरी, शंकूवर वेढे घसरत नाहीत का? कशाने धरता?