जहाजावर नेहमीचा रोमिंग पॅक चालतो का?

प्रश्न: आई-बाबा मुंबईहून लक्षद्वीपच्या क्रूझवर निघाले आहेत. भर समुद्रात त्यांचा फोन लागेल का?

उत्तर १: किनारा मागे पडला की टॉवरचा सिग्नल जातो, त्यानंतर दिसते ते जहाजाचे स्वतःचे, उपग्रहामार्फत चालणारे नेटवर्क, जे सहसा किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडेच सुरू होते आणि ज्याची आकारणी, प्रवास देशांतर्गत असला तरी, आंतरराष्ट्रीय रोमिंगच्या चढ्या दराने होते.

उत्तर २: देशांच्या यादीवर बेतलेला पॅक तिथे बहुधा लागू होत नाही. युरोपीय संघाची रोमिंग दरमर्यादासुद्धा अशा नेटवर्कला लागू नाही! बोलण्यापेक्षा आपोआप अद्ययावत होणारी अ‍ॅप्सच बिल फुगवतात.

उत्तर ३: आई-बाबांना विमान मोड लावून जहाजाचे वाय-फाय घ्यायला सांगावे. ओटीपीची कामे मात्र बंदर सोडण्यापूर्वीच उरकावीत.