बोका गोळी घेतच नाही, कसं द्यायचं औषध?

चिकूची_आई, डोंबिवली:
आमच्या चिकूला (बोका, ४ वर्षांचा) जोरदार सर्दी झालीये, शिंका, डोळ्यातून पाणी, नाक चोंदलेलं. डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिनची (अँटिबायोटिक) गोळी दिलीये रोज एक आणि कोर्स अर्धवट सोडायचा नाही असं बजावून सांगितलंय. पण हा गोळीची स्ट्रिप वाजली की कपाटावर. चिकनच्या तुकड्यात लपवली तर चिकन खातो आणि गोळी ताटलीत तशीच. मग चुरडून खाण्यात मिसळली तर त्या वाटीकडे आता फिरकतही नाही. साखरेच्या पाण्यात कालवून ड्रॉपरने दिली तर तोंडाला एवढा फेस आला की सासूबाई घाबरल्याच, त्यांना वाटलं विषबाधा झाली. घरात आम्ही दोघीच असतो दिवसभर, दोघींच्या हातावर ओरखडे. कोणी रोज औषध देत असेल तर प्लीज नीट सांगा कसं देता, मला खरंच काळजी वाटतेय त्याची.

बोंबील_प्रेमी:
ताई आधी फेसाचं सांगतो, घाबरू नका. औषध कडू लागलं की मांजरं अशीच लाळ गाळतात, चव गेली की थोड्या वेळात थांबतं. मात्र धाप लागली किंवा थांबतच नसेल तर लगेच डॉक्टरांना फोन. आणि साखर घालून काही उपयोग नाही, मांजरांना गोड चव कळतच नाही, गोड ओळखायला लागणाऱ्या जीन्सपैकी एक त्यांच्यात बंद पडलेलं आहे. त्यांना कळतो तो वास आणि मांसाची चव.
आमच्याकडे चालतं ते असं. जेवणाची वेळ थोडी पुढे ढकलायची म्हणजे भूक लागते. मग उकडलेल्या बांगड्याचे काटे काढून तीन बारीक गोळे करायचे, पहिला नुसता, दुसऱ्यात औषध, आणि तिसरा लगेच नाकासमोर धरायचा म्हणजे दुसरा चावत न बसता पटकन गिळतात. गोळीला हात लावलेल्या बोटांनी बाकीचे गोळे वळू नका, वास लागतो. आणि रोजच्या जेवणाच्या वाटीत औषध कधीच नको, एकदा शंका आली की ते जेवणच सोडून देतात, तुमच्याकडे तेच झालंय.

मांजरांची_मावशी:
लपवाछपवी सगळ्या मांजरांना चालत नाही हो, माझी म्हातारी मांजर कशातही औषध ओळखते, थायरॉइडची गोळी आहे म्हणजे कायमचीच. मी सरळ तोंडात देते आणि मला तेच बरं वाटतं, अर्ध्या मिनिटात विषय संपतो, पाठलाग करण्यातच त्यांना जास्त त्रास होतो.
जाड टॉवेल पसरायचा, मांजर मधे, चारही पाय आत घेऊन घट्ट गुंडाळायचं, फक्त डोकं बाहेर. तिचं तोंड आपल्यापासून पलीकडे, पाठ आपल्या पोटाशी. डाव्या हाताने डोकं वरून धरायचं, अंगठा आणि बोट दोन्ही गालांच्या हाडांवर, आणि नाक छताकडे वळवायचं, खालचा जबडा आपोआप सैल पडतो. उजव्या हाताच्या मधल्या बोटाने खालचे पुढचे दात दाबून तोंड उघडायचं आणि गोळी जिभेवर अगदी मागे, मधोमध टाकायची. बाजूला पडली की थुंकलीच समजा. लगेच तोंड मिटून गळ्यावरून हात फिरवायचा. नाक चाटलं की बहुतेक गिळली. बोटं घालायची भीती वाटत असेल तर पेट शॉपमध्ये पिल पॉपर मिळतो, म्हणजे गोळी तोंडात मागे टाकायची नळी. आणि नंतर लगेच आवडीचा खाऊ, हे चुकवायचं नाही.

सिरिंज_नाशिक:
मी व्हेटच्या क्लिनिकमध्ये मदतनीस आहे. वरचं सगळं बरोबर आहे पण गोळी डॉक्सीची आहे म्हणून कळकळीने सांगतोय, ती कोरडी देऊन सोडून देऊ नका. मांजराच्या अन्ननलिकेत गोळी अडकून राहू शकते, डॉक्सी तिथेच विरघळली की आतून भाजल्यासारखी जखम होते आणि पुढे अन्ननलिका आकसून अन्न गिळणं अवघड होतं. म्हणून गोळीनंतर सिरिंजने ५-६ मिली पाणी द्यायचं, सुई काढलेल्या. पाणी देताना डोकं मागे वळवायचं नाही, सरळ ठेवायचं, सिरिंज सुळ्याच्या मागे गालाच्या खोबणीत, थोडं थोडं, त्याने गिळलं की पुढचं. एकदम दाबलं तर पाणी फुफ्फुसात जाऊ शकतं. दूध, दही, चीज यात डॉक्सी देऊ नका, कॅल्शियममुळे औषध नीट शोषलं जात नाही.
चुरडणंही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, काही गोळ्यांवरचं कोटिंग मुद्दाम दिलेलं असतं. त्यापेक्षा फोन करून विचारा की हेच लिक्विडमध्ये मिळेल का किंवा इंजेक्शनवर भागेल का. लोक हे विचारायला संकोचतात आणि मनानेच कोर्स बंद करतात, मग इन्फेक्शन उलटतं.

बोंबील_प्रेमी:
हे पाण्याचं मला माहीत नव्हतं, धन्यवाद दादा. ताई, नाक चोंदल्यामुळे त्याला वास येत नसेल म्हणूनही खात नसेल. खाणं किंचित कोमट करून द्या आणि गीझर लावून बाथरूम वाफेने भरलं की त्याला घेऊन तिथे थोडा वेळ बसा, नाक मोकळं होतं.

चिकूची_आई:
खूप खूप आभार सगळ्यांचे!! आज मावशींच्या पद्धतीने टॉवेलमध्ये गुंडाळून दिली, सासूबाईंनी धरलं, मी गोळी टाकली आणि नंतर पाणी हळूहळू दिलं, गेली आत. वाफ दिल्यावर कोमट चिकनही खाल्लं थोडं. डॉक्टरांना लिक्विडचं विचारलंय, उद्या सांगतो म्हणाले. अजून एक, अंग गरम लागतंय, शेजारच्या काकू म्हणतायत लहान मुलांचं तापाचं सिरप थोडं द्या, पॅरासिटामॉल आहे त्यात. देऊ का?

सिरिंज_नाशिक:
ताई अजिबात नको, एक थेंबही नको! पॅरासिटामॉल पचवायची व्यवस्था मांजराच्या लिव्हरमध्ये जवळजवळ नसतेच, आपल्या नेहमीच्या एका गोळीनेही मांजर दगावू शकतं. रक्त ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही, हिरड्या तपकिरी निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. कोणी आधीच दिलं असेल तर लक्षणांची वाट न बघता आत्ताच्या आत्ता क्लिनिक गाठा. आयबुप्रोफेनही नको. तापाचं सकाळी डॉक्टरांना सांगा, ते तपासून मांजराला चालणारं देतील. आणि उद्या दिवसभरात त्याने काहीच खाल्लं नाही तर फोनवर न थांबता घेऊनच जा, मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की लिव्हरमध्ये चरबी साठायला लागते, अंगाने जाड बोक्यांमध्ये जास्तच. चिकूचं वजन किती आहे?